कारण सांगा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'सोशल मीडिया आणि आपली जबाबदारी'. या विषयावर तुम्ही दहा भाषणं ऐकली असतील. अफवा पसरवू नका, फॉरवर्ड करण्याआधी विचार करा, वगैरे. ते सगळं बरोबर आहे. पण मला आज दुसऱ्या बाजूने बोलायचं आहे. तुम्ही विचार करून, तपासून, सभ्य भाषेत काही लिहिलं आणि तरी ते कुणीतरी काढून टाकलं, तर काय करायचं? मागच्या आठवड्यात या शिबिराच्या तयारीत मी दहा-बारा जणांशी बोललो. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने असा एखादा किस्सा सांगितला. आणि शेवटी बहुतेक जण एकच वाक्य बोलले, 'म्हणून मी आता लिहीतच नाही.' मला भीती या वाक्याची वाटते.

आधी माझा किस्सा सांगतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी आपल्या शहराच्या एका मोठ्या ग्रुपवर पाण्याबद्दल लिहिलं. जायकवाडी उशाशी असून आपल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी आमच्या गल्लीत कोणत्या तारखांना पाणी आलं, किती वेळ आलं, टँकरला किती पैसे गेले, एवढंच लिहिलं होतं. खाली एकाने उत्तर दिलं, 'तुमच्या लोकांनी आधी पाणीपट्टी भरा.' मी त्याला आमच्या घराची पावती टाकली. वीस मिनिटांनी माझी मूळ पोस्ट गायब, पावती गायब, आणि त्याचं वाक्य तसंच! मी विचारलं, तर उत्तर आलं, 'ग्रुपचं वातावरण बिघडतं.'

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाण्यावरच्या आठ ओळींसाठी एवढं का लागावं? कारण मला वाटलं की माझी पोस्ट काढली नाही, मलाच खोलीबाहेर काढलं. त्या भरात मी एक लांबलचक, कडवट पोस्ट लिहिली. अम्मी पाणी भरायला पहाटे उठली होती, तिने विचारलं, इतक्या उशिरा काय करतोस? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात पाणी कुठे आहे? खरंच, त्यात पाणी कुठेच नव्हतं. मी ती टाकली नाही.

आता दुसरा किस्सा, आणि हा सांगायला मला जड जातं. त्याच महिन्यात आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर एका मुलीने लिहिलं. त्या ग्रुपचा अॅडमिन मी. तिने लिहिलं होतं, 'माझ्या बहिणीच्या निकाहनाम्यात मेहर लिहिलं होतं, ते कधी दिलंच नाही. आपल्या मोहल्ल्यात किती जणांनी खरोखर दिलं आहे?' एवढंच. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. मी चार मिनिटांत ती पोस्ट डिलीट केली. मनात म्हटलं, आता चाचा लोकांचे फोन येतील, उगीच कटकट. तिने मला वेगळा मेसेज केला, 'भाई, काय चुकलं ते सांगा. त्यात शिवी होती का? खोटं होतं का? कारण सांगा.'

माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. 'ग्रुपचं वातावरण बिघडतं,' हेच माझंही कारण होतं. शहराच्या ग्रुपवर जे माझ्याशी झालं, तेच मी माझ्या मोहल्ल्यात एका मुलीशी केलं.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा जरा नीट अभ्यास करतोय. तो तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट, हे आपल्याला पहिल्यांदा होत नाहीये. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे 1929 सालच्या 'गश्ती निशान 53' या फर्मानामुळे सरकारी परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. म्हणजे बोलायच्या आधीच कात्री. वर्तमानपत्र काढणं तर आणखी कठीण. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली 'मराठवाडा' हे साप्ताहिक पुण्याहून, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरून सुरू केलं. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी काय केलं? नाव बदलून अंक काढला. त्या नावावर बंदी आली, तर पुन्हा नवीन नाव. आज अकाउंट ब्लॉक झालं की पोरं नवीन अकाउंट काढतात, तसंच जवळजवळ. पण एक मोठा फरक आहे. वाघमाऱ्यांनी अंकाचं नाव बदललं, स्वतःचं तोंड लपवलं नाही. हे कोण लिहितं, कोण छापतं, सगळ्यांना ठाऊक होतं. नावं बदलत गेली, म्हणणं एकच राहिलं. आज अनेकदा उलटं दिसतं. खोटं नाव घेतलं की माणूस म्हणणं सोडून देतो आणि फक्त शिव्या देतो.

त्याच राज्यातला दुसरा माणूस तुम्हाला माहीत असलाच पाहिजे. शोएबुल्लाह खान. हैदराबादचा तरुण उर्दू पत्रकार. तो 'रय्यत' या पत्रात काम करत होता, ते निजाम सरकारने बंद पाडलं. मग त्याने 'इमरोज' काढलं. हैदराबाद भारतात सामील व्हावं, आणि रझाकार जे करतात तो जुलूम आहे, असं तो उघड लिहीत होता. 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री कार्यालयातून घरी जाताना त्याची हत्या झाली. त्याचा लिहिता हात तोडला. वय तिशीच्या आत. पुढे महिनाभरातच, 17 सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान शरण आलं. दरवर्षी आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी शोएबुल्लाहचं नाव आपल्यापैकी किती जण घेतात? मुसलमान पत्रकार, मुसलमान राजाच्या राज्यात, मुसलमान म्हणवणाऱ्या टोळीविरुद्ध लिहीत होता. 'आपल्या लोकांविरुद्ध लिहू नको, वातावरण बिघडेल,' असं त्यालाही कुणी ना कुणी सांगितलंच असणार.

मी आमच्या पोस्टची आणि शोएबुल्लाहची तुलना करत नाही. पोस्ट डिलीट होणं म्हणजे शहादत नव्हे. हे आधी मनाशी पक्कं करा. आपली पोस्ट गेली की आपण लगेच स्वतःला मोठा लढवय्या समजायला लागतो. तसं नसतं. पण प्रश्न त्याच घराण्यातला आहे. कुणी लिहायचं, कुणी कापायचं, आणि कापणाऱ्याला कारण विचारायचं की नाही?

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेणारा माणूस आपल्या मुंबईचा. ख्वाजा अहमद अब्बास. 'आवारा'चा लेखक म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. त्यांनी 'अ टेल ऑफ फोर सिटीज' नावाचा छोटा माहितीपट काढला होता. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी ठेवून दाखवायची, असा तो माहितीपट. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीचीही दृश्यं होती. सेन्सॉरने सगळ्यांना बघता येईल असं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला, मग ती दृश्यं कापा म्हणाले. अब्बास कोर्टात गेले. खटला चालू असताना सरकारने माघार घेतली आणि न कापता प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. तुमचं-माझं तिथे समाधान झालं असतं. अब्बास म्हणाले, माझा सिनेमा सुटला हे ठीक, पण नियमाचं काय? उद्या दुसऱ्याचा कापला जाईल.

24 सप्टेंबर 1970 ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते एम. हिदायतुल्लाह. मुख्य मुद्द्यावर अब्बास हरले. सिनेमा दाखवण्यापूर्वी तपासायचा सरकारला अधिकार आहे, असं कोर्टाने म्हटलं. पण कोर्टाने तपासणाऱ्यालाही बांधायला सुरुवात केली. निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, त्याविरुद्ध सरकारहून वेगळ्या कुणाकडे तरी दाद मागता यावी, आणि काय कापायचं याचे नियम स्पष्ट असावेत, कलेला त्यात जागा असावी. अपिलासाठी न्यायाधिकरण पुढे 1980 च्या दशकात आलं, आणि 2021 साली केंद्र सरकारने ते बरखास्त केलं. म्हणजे मिळालेलं परतही जातं, हेही लक्षात ठेवा. अब्बास मात्र 1987 साली जाईपर्यंत आपला 'लास्ट पेज' हा स्तंभ लिहीत राहिले.

मला या खटल्यातून चार कसोट्या मिळाल्या. कुणीही तुमचा मजकूर कापला, मग ते सरकार असो, कंपनी असो, कॉलेज असो की मोहल्ल्याचा अॅडमिन, हे चार प्रश्न विचारा. एक, नियम आधी सांगितला होता का? दोन, कारण दिलं का? तीन, ज्याने कापलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे दाद मागता येते का? चार, उत्तर किती दिवसांत मिळणार? चारही उत्तरं 'हो' असतील, तर निर्णय आवडला नाही तरी तो न्यायाच्या जवळपास आहे. चारही 'नाही' असतील, तर तो फक्त हात चालवणं आहे.

आता सरकारच्या बाजूबद्दल. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला काय झालं ते तुमच्यातल्या लहानांना माहीत नसेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या हिंदू मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे त्यांच्यावरची केस मागे पडली. या प्रकरणातून एका विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली, आणि 24 मार्च 2015 ला कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं. तो 'श्रेया सिंघल' निकाल. त्यात कोर्टाने तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या पाठ करून ठेवा. चर्चा, बाजू मांडणं आणि चिथावणी. पहिल्या दोन कुणाला कितीही झोंबल्या तरी त्या तुमच्या हक्काच्या आहेत. तिसऱ्या पायरीवर कायदा हात घालू शकतो.

हे मी कोर्टासाठीच सांगत नाही, स्वतःसाठीही सांगतो. माझी पोस्ट कापली गेली की मी आधी स्वतःला विचारतो, मी कोणत्या पायरीवर होतो? जून 2023 मध्ये कोल्हापुरात काय झालं ते आठवा. औरंगजेब आणि टिपू सुलतानच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. स्टेटस ठेवणारी पोरं मोजकी होती. दगड ज्यांच्या दुकानांवर पडले त्यांनी स्टेटस ठेवलेलं नव्हतं. दगड मारणं हा गुन्हाच आहे, त्याचं समर्थन कुठल्याही स्टेटसने होत नाही. पण आपण जे टाकतो त्यातून आपल्याला म्हणायचं काय आहे, हा प्रश्न आपला आहे. फक्त समोरच्याला डिवचायचं असेल, तर त्यात मत कुठे आहे? जसं माझ्या त्या रात्रीच्या पोस्टमध्ये पाणी नव्हतं.

आता कंपन्यांबद्दल. हे माझं क्षेत्र आहे. इथे कापणारा माणूस नसतोच बऱ्याचदा, प्रोग्रॅम असतो. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः असा एक प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रतिक्रिया गाळायच्या, एवढं काम. मला एक शब्दांची यादी दिली होती. त्यातला शब्द दिसला की प्रतिक्रिया थांबवायची. मी चार दिवसांत काम संपवलं, शाबासकी मिळाली. महिन्याभराने तक्रार आली की एका माणसाची एकही प्रतिक्रिया दिसत नाही. मी तपासलं. त्याचं नाव मुजाहिद होतं. तो शब्द यादीत होता. माझ्या शाळेच्या वर्गात मुजाहिद नावाची दोन मुलं होती, एकाच्या डब्यातलं मी रोज खायचो. तरी यादी वाचताना मला ते आठवलं नाही. यादी करणाऱ्याला आठवणं शक्यच नव्हतं. मशीन शब्द बघतं, माणूस बघत नाही. आणि तो माणूस किती दिवस विचार करत बसला असेल, की मी असं काय लिहिलं?

हे छोट्या कामापुरतं नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीत 'शहीद' या शब्दावरून असंच झालं. कंपनीकडे धोकादायक व्यक्तींची एक यादी आहे. त्या यादीतल्या कुणाबद्दल 'शहीद' शब्द आला, की ती स्तुती समजून मजकूर काढला जायचा, मग ती बातमी असो किंवा टीका. कंपनीच्याच देखरेख मंडळाने मार्च 2024 मध्ये सांगितलं की त्यांच्या मंचांवर इतर कुठल्याही एका शब्दापेक्षा या शब्दामुळे जास्त मजकूर काढला जातो, आणि ही पद्धत बदला. शब्दाला अनेक अर्थ आहेत, हिंसेची खूण सोबत असेल तरच काढा. आपण शहीद भगतसिंग म्हणतो, शहीद अब्दुल हमीद म्हणतो. आपल्याला हे सांगायला मंडळ लागत नाही. पण कंपनीला सांगावं लागलं, आणि ते सांगितलं गेलं कारण कंपनीनेच मंडळाला सल्ला विचारला. कुणी विचारलंच नसतं, तर उत्तरही मिळालं नसतं.

तेव्हा दाद मागा. माहिती तंत्रज्ञानाचे 2021 चे नियम वाचा. भारतात 50 लाखांहून जास्त सदस्य असलेल्या कंपनीने स्वतःहून तुमचा मजकूर काढला, तर तिने तुम्हाला कारण कळवायचं आहे आणि हरकत घ्यायची संधी द्यायची आहे. कंपनीचा तक्रार अधिकारी असतो, त्याचा पत्ता वेबसाइटवर असतो. त्याने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारने 2023 पासून अपील समित्या नेमल्या आहेत. तिथे ऑनलाइन अर्ज करता येतो, निर्णय मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी ताजी मुदत बघून घ्या. प्रत्येक वेळी न्याय मिळेल असं मी म्हणत नाही. पण अर्ज लिहिताना एक फायदा हमखास होतो. आपलं म्हणणं काय होतं, ते आपल्याला शांतपणे, मुद्देसूद लिहावं लागतं. राग आपोआप उतरतो.

माझ्या अनुभवातून चार-पाच सवयी सांगतो. लिहिलेलं आधी स्वतःजवळ ठेवा, मग टाका. कापलं गेलं तर मजकूर तरी हातात राहतो. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. त्या रात्री उत्तर देऊ नका, सकाळी द्या. आधी खाजगीत विचारा, 'कोणता नियम मोडला?' आणि कारण मिळालं तर ते खरंच बघा, कारण कधी कधी कापणाऱ्याचं बरोबर असतं. माझ्या एका लेखातली दोन वाक्यं एका संपादकाने काढली होती, मी चिडलो होतो. आज वाचतो तेव्हा कळतं, ती ऐकीव होती. कारण मिळालंच नाही, तर दुसरी जागा शोधा. वाघमाऱ्यांना पुणं सापडलं, तुम्हाला हे मासिक आहे, वर्तमानपत्रातला वाचकांचा पत्रव्यवहार आहे, महापालिकेचं तक्रार पोर्टल आहे. माझी पाण्याची तीच पोस्ट मी पत्र म्हणून एका दैनिकाला पाठवली. पावतीचा आकडा आणि तारखांसकट छापून आली.

शेवटी पुन्हा मोहल्ल्यात येतो. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने मुंबईत मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. बायका फक्त सात होत्या. दलवाईंच्या सगळ्या मतांशी तुम्ही सहमत असलंच पाहिजे असं नाही, या सभागृहातही सगळे नसतील. पण त्या सात जणींना गप्प बसा म्हणणारे घरोघर होते, हे तुम्हीही ओळखाल. सरकारने कापलं, कंपनीने कापलं, यावर आपण खूप बोलतो. आपण आपल्या बहिणींचं किती कापतो, यावर बोलत नाही.

मी त्या मुलीची माफी मागितली. खाजगीत नाही, ग्रुपवर, कारण डिलीट ग्रुपवर केलं होतं. तिला विचारून तिचा प्रश्न पुन्हा टाकला. दोन जण ग्रुप सोडून गेले. एका चाचांनी फोन करून मला अर्धा तास सुनावलं, मी ऐकून घेतलं. आणि चार बायकांनी लिहिलं, ज्या त्या ग्रुपवर ईद मुबारकशिवाय कधीच काही लिहीत नव्हत्या. मग आम्ही पाच ओळींचे नियम केले. शिवी नाही, खोटी बातमी नाही, कुणाच्या घरचं नाव घेऊन बदनामी नाही. काढलं तर अॅडमिनने त्याच दिवशी कारण सांगायचं. आणि कारण पटलं नाही, तर दुसऱ्या दोन अॅडमिनकडे जायचं, त्यातली एक बाई असेल.

नियम चांगले चालले आहेत. पण ती मुलगी आता ग्रुपवर काहीच लिहीत नाही. सगळं वाचते, निळ्या खुणा दिसतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, 'बघू, भाई.' चार मिनिटांत मी जे केलं, ते माफीने अजून भरून आलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांचं कुणी कापलं असेल, त्यांनी लिहिणं थांबवू नका. आणि तुमच्यापैकी जे अॅडमिन आहेत, ते आज रात्री घरी गेल्यावर आठवून बघा, शेवटचं कुणाचं काढलं होतं आणि त्याला कारण सांगितलं होतं का. नसेल, तर आज सांगा.